तीन इसा न् पाच

आबा,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली. तरी तुम्हालाच लिहायला बसले आहे. आज शनिवार, सकाळची शाळा. मुलं केव्हाच घरी गेली, स्वयंपाक करणाऱ्या ताई पातेली घासून पालथी घालून गेल्या, आणि मी दुसरीच्या वर्गात एकटीच बसले आहे. शाळेच्या मागे केळीची बाग आहे, तिच्यापलीकडे सातपुडा. बागेत पाणी सोडलेलं असावं, त्याचा आवाज येतोय. मला चोपड्याला घरी जायला हवं, पण उठावंसं वाटत नाही. पाच वर्षांपूर्वीची एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. खरं तर ती सांगायची तर त्याच्याही कितीतरी आधीपासून सुरुवात करावी लागेल, आपल्या अमळनेरच्या घरापासून.

दोन खोल्यांचं घर. आई दिवाळीनंतर जिनिंगमध्ये कामाला जायची, सकाळी सातलाच घर सोडायची आणि परत यायची तेव्हा तिच्या केसांत, भुवयांत कापूस अडकलेला असायचा. त्यामुळे तुम्हाला लग्नाचं काम नसेल त्या दिवशी घरची चूल तुमच्याकडे. तुम्ही आचारी. वरण-बट्टी आणि वांग्याचं भरीत म्हटलं की लोक पार चाळीसगाव, बोदवडपासून तुम्हाला बोलवायला यायचे. दोनशे माणसांचा स्वयंपाक करणारा माणूस घरी आम्हा तिघांसाठी चूल फुंकतो, याचं शेजारच्या बायकांना हसू यायचं. मला मात्र त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. मला वाटायचं सगळ्यांचे वडील असेच असतात. शाळेतून आले की मी दप्तर खुंटीला लावते आणि तुमच्यासमोर पाट घेऊन बसते. तुम्ही कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताय. साल करपल्याचा वास सगळ्या घरात. काडी पुढे सरकवत, माझ्याकडे न बघता तुम्ही विचारता, "आज काय शिकाडं व माय बाईनी?" मी सांगायला लागते. जमिनीचे प्रकार, नद्यांची नावं, काहीही. तुम्हाला त्यातलं किती कळत होतं कोण जाणे. मी थांबले की तुम्ही म्हणायचात, "मंग?" त्या "मंग?"साठी मी आणखी आठवायचे, न आठवलं तर मनाचं लावून द्यायचे, आणि मनाचं लावलं की तुम्हाला बरोबर कळायचं. वांगं उलटवत तुम्ही नुसते हसायचात.

मोजायलाही मी तुमच्याकडेच शिकले, शाळेत जायच्या आधी. बट्ट्यांसाठी वळलेलं कणकेचं लांबट भेंडकं उकडून निघालं की तुम्ही सुरीने त्याचे तुकडे पाडायचात आणि परातीत लावत जायचात. "मोज व माय, कितल्या व्हयन्यात?" वीस झाल्या की एक हरभरा बाजूला ठेवायचा. वीसला तुम्ही ईस म्हणायचात. तीन हरभरे आणि वर पाच बट्ट्या उरल्या तर तीन इसा न् पाच. कुठल्या लग्नाला किती माणूस, एका माणसामागे किती बट्ट्या, त्याला पीठ किती, तूप किती, डाळ किती, हे सगळं तुम्ही या इसांवर करायचात, आणि तुमचं अन्न कधी कमी पडलं नाही आणि उकिरड्यावरही गेलं नाही. मला त्या हरभऱ्यांचा फार अभिमान होता. ते एका वाटीत असायचे आणि त्यांना दुसरं कुणी हात लावलेला मला चालायचा नाही.

मग दुसरीतली ती परीक्षा. बाईंनी तोंडी सांगितलं, पासष्ट लिहा. मी मनातल्या मनात परात मांडली. तीन. इसा. पाच. आणि लिहिलं ३२०५. बाईंनी माझी पाटी सगळ्या वर्गाला दाखवली. त्या वाईट नव्हत्या हो आबा. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. "हे कोण शिकवतं तुला घरी?" मी म्हटलं, आमचे आबा. त्या म्हणाल्या, "त्यांना सांग, घरी काही शिकवत जाऊ नका. आम्ही आहोत ना शिकवायला." वर्ग हसत होता. मी खाली बसले आणि सुट्टी होईपर्यंत मान वर केली नाही.

त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही नेहमीसारखंच म्हणालात, "मोज व माय." मी पाटावर बसले नाही, दारातच उभी राहिले. म्हणाले, "बाईंनी सांगितलंय, तुम्ही मला शिकवायचं नाही. तुमचं मोजणं अडाणी लोकांचं आहे." यातला पहिला भाग बाईंचा होता. अडाणी हा शब्द माझा. तो मी रस्त्याने येताना जुळवला होता. तुमच्या हातात सुरी होती, ती तुम्ही परातीच्या कडेला ठेवली, पंच्याने हात पुसले. मला वाटलं आता रागावतील. तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही मला म्हणालात, "बरं व माय. बाईले जास्त समजस," आणि परत सुरी उचलली. मोजलंत तेही मनात, ओठ न हलवता. त्यानंतर मी काहीही विचारलं, अगदी पाऊस कुठून येतो असं विचारलं तरी, तुमचं उत्तर एकच, "बाईले इचार." चिडून नाही, खरंच माझ्या भल्यासाठी. चुलीवर वांगी भाजली जात राहिली. "आज काय शिकाडं" हे विचारणं हळूहळू बंद झालं. हरभऱ्यांची वाटी कधी फडताळावरून गेली ते मला आठवतही नाही. मी पाढे पाठ करत होते, माझा नंबर वर येत होता, आणि सगळं छान चाललंय असं घरातल्या सगळ्यांनाच वाटत होतं, मलाही.

धुळ्याला डी.एड. झाले. साक्री तालुक्यात पहिली नेमणूक झाली. तुम्ही तिथे एकदा आलात, एसटी बदलत बदलत, हातात भरीत-पुरीचा डबा. मी खुर्ची दिली तर घेतली नाहीत. "मी मांगे बसू का?" म्हणालात आणि धोतर सावरून मुलांच्या मागच्या रांगेत मांडी घालून बसलात. मी त्या दिवशी जरा जास्तच जोरात शिकवलं. फळा दोनदा भरला, दोनदा पुसला. तुम्ही ढिम्म बसून ऐकत होता, मधेच शेजारच्या मुलाच्या पाटीत डोकावत होता. चार वाजता तुम्हाला सोडायला फाट्यावर आले. गाडी यायला वेळ होता. तुम्ही म्हणालात, "चांगलं शिकाडस तू. फळावरलं अक्षर तं मोत्यासारखं शे. पन तू पोरेसले इचारस नही व माय. नुसतं सांगस."

मला ते फार लागलं. मी फटकन म्हणाले, "आबा, डी.एड. मी केलंय."

"ते बी खरं शे," तुम्ही हसून म्हणालात. गाडी आली. रिकामा डबा मी तुमच्या हातात दिला, आणि तुम्ही खिडकीतून हात हलवलात तेव्हा मी अजून फुगलेलीच होते. त्यानंतर तीन वर्षांत तुम्ही गेलात. आपण या गोष्टीवर पुन्हा बोललो नाही. बोलण्यासारखं त्यात काही आहे हेच मला कळत नव्हतं.

आता ती पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. एक आजार आला होता आबा, साऱ्या जगात. श्वासातून लागायचा. माणसं तोंडाला फडकं बांधून एकमेकांपासून लांब उभी राहत होती. लग्नं वीस-पंचवीस माणसांत उरकत होती, तुमच्या धंद्यातली माणसं हातावर हात ठेवून घरी बसली होती. मार्चमध्ये एका दुपारी निरोप आला, उद्यापासून शाळा बंद. मुलांना वाटलं सुट्टी लागली, ती नाचतच घरी गेली. मलाही वाटलं, आठ-पंधरा दिवसांची गोष्ट. पण जून उजाडला, पेरण्या झाल्या, कपाशी गुडघ्याला लागली, तरी शाळेचं कुलूप निघेना. वरून सूचना यायच्या, मोबाइलवरून शिकवा. माझ्या दुसरीच्या वर्गात सत्तावीस मुलं. मोठा फोन सात घरांत, आणि तोही बापाच्या खिशात, बाप केळीच्या ट्रकवर. मी घरी बसून व्हिडिओ पाठवत होते आणि ते कोण बघत होतं देव जाणे.

जुलैत मी स्कूटीवर गावात जायला लागले. शाळेच्या ओट्यावर आयांना लांब लांब बसवलं आणि प्रत्येकीला छापील पानांचा गठ्ठा दिला. रोज एक पान. बेरजा, जोडाक्षरं, रिकाम्या जागा. कसं करून घ्यायचं ते तासभर समजावून सांगितलं. सगळ्या माना हलवत होत्या. "समजलं का?" "हो बाई." मला बरं वाटलं. पंधरा दिवसांनी पानं गोळा करायला गेले तर दोन-तीन घरं सोडली तर कुणी काही केलेलं नव्हतं. कुठे पावसात भिजली होती, कुठे धाकट्याने फाडली होती. मी प्रत्येक दारात थोडी थोडी चिडत गेले, आणि वाडीच्या शेवटच्या घराशी पोचले तोवर माझ्याकडे बराच राग साठला होता.

त्या घरातली मुलगी माझी लाडकी होती. मार्चमध्ये शाळा बंद झाली तेव्हा ती नुकती अडखळत का होईना पण वाक्य वाचायला लागली होती. मला बघून ती आईच्या लुगड्यामागे लपली. मी वहीत "पाऊस" लिहून पुढे केलं. तिने बराच वेळ पाहिलं आणि मान खाली घातली. चार महिन्यांत गेलं होतं सगळं. तिची आई केळीच्या बागांत मजुरी करते, नुकतीच निंदणीवरून आली होती, हाताला माती होती.

"पानं कुठं आहेत?" मी विचारलं.

ती आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला गठ्ठा घेऊन आली. कोरा. मी दिला तसाच, कोपरासुद्धा न दुमडलेला.

"रोज दहा मिनिटं पोरीजवळ बसणं, एवढंही जमत नाही का हो तुम्हाला?"

तिने हाताची माती पदराला पुसली. मग म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगेल व्हतं ना. घर काही शिकाडू नका, पोर चुकीनं शिकस. म्हनीसन मी शिकाडं नही."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आबा. तिने माझं ऐकलं होतं, इतकंच. आणि मी ते बोलले होते. त्याच वर्षी जानेवारीत, पालकांच्या मेळाव्यात, सगळ्यांसमोर. याच मुलीने वहीत पासष्टच्या जागी ३२०५ लिहिलं होतं. मी ती वही उघडून दाखवली होती. हसलेसुद्धा होते. "घरी काही शिकवू नका बाई, आम्ही आहोत ना," हे माझ्या तोंडून इतकं सहज निघालं होतं की ते वाक्य आधी कुठे ऐकलंय याची मला शंकाही आली नाही. वीस वर्षांत किती आई-बापांना मी ते ऐकवलं असेल? आणि ३२०५ हा आकडा डोळ्यांसमोर असताना मला तुम्ही कसे आठवला नाहीत, हे मला अजून समजलेलं नाही.

मी तशीच वळले. स्कूटीला किक मारली आणि निघाले. गावाबाहेर पाटाचा पूल आहे, तिथे थांबले. तुम्ही परातीच्या कडेला सुरी ठेवलीत तो आवाज मला त्या पुलावर ऐकू आला म्हटलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. पाटाला पाणी भरपूर होतं. फडकं तोंडावर तसंच ठेवून मी रडले. वाटेने बैलगाडी गेली, गाडीवान म्हणाला, "काय व्हयनं बाई, गाडी बंद पडी का?" मी मान हलवली. तो उतरून स्कूटी बघायला लागला. किक मारली तर लगेच सुरू झाली. "काही नही व्हयेल हिले," म्हणत तो गेला.

तीन दिवस मी गावात गेले नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्याच घरी गेले. ती भाकरी थापत होती, मुलगी शेजारी. माझं चुकलं एवढंच म्हणायला गेले होते, ते तोंडातून निघेना. म्हणून म्हणाले, "मला तुमचं मोजणं दाखवाल का?"

"मजाक करतस का बाई?" ती कसनुशी हसली. मी उंबऱ्यातच बसले. म्हणाले, खरंच दाखवा, बागेत घड कसे मोजता? तिने आधी भाकरी उलटवली, मग चुलीपुढच्या मातीतून खडे वेचले. घड वाहून टाकताना वीस झाले की एक खडा ओटीत टाकायचा. दिवस संपला की ओटीतले खडे काढायचे. तीन खडे आणि वर पाच घड, तर तीन इसा न् पाच. बोलता बोलता तिचा आवाज मोकळा होत गेला. मुकादम कधी कमी सांगतो, पण ओटीतले खडे खोटं बोलत नाहीत, असंही तिने सांगितलं. मी खडू काढला आणि जमिनीवर लिहिलं, वीस, वीस, वीस, पाच. मुलीला विचारलं, "एका इसात दहाच्या किती जुड्या?" तिने बोटं मोजली. दोन. मग तीन इसांत? ती पुटपुटत राहिली, आईकडे पाहत राहिली. मला सांगून टाकायची इतकी सवय, आबा, की उत्तर जिभेवर आलं होतं. मी ओठ घट्ट मिटून बसले.

"सहा!" ती ओरडली. "सहा दहा न् पाच!"

मी खडू तिच्या हातात दिला. तिने मोठा थोरला ६५ काढला. सहाचं पोट जमिनीच्या भेगेत गेलं. लिहून झाल्यावर तिने माझ्याकडे नाही, आधी आईकडे पाहिलं. तव्यावरची भाकरी करपत होती, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आई मला म्हणाली, "म्हंजे बाई, मनं चुकेल नव्हतं?"

"नव्हतं," मी म्हणाले.

त्यानंतर मी छापील पानं वाटली नाहीत. घरोघर जाऊन बसायला लागले. तुम्ही रोज काय काय करता ते सांगा म्हणायचे, आणि त्यातूनच मुलाला काय विचारायचं ते आम्ही दोघी मिळून ठरवायचो. कुणी मिरच्या निवडायची, कुणी शेंगा फोडायची, एकीला इतकी कोडी यायची की तिच्या अंगणात सगळी वाडी जमायची. सगळ्यांची अडचण मात्र एकच. एक जण म्हणाली, "आम्हाले वाचता येस नही. पोर खरं वाची ऱ्हायनं का खोटं, कसं समजाव?" मी म्हटलं, तुम्ही चूल सोडू नका. त्याला समोर बसवा, वाचलेलं सांगायला लावा, आणि तो थांबला की म्हणा, "मंग?" मनाचं लावत असेल तर तुम्हाला त्याच्या तोंडाकडे बघून कळेल. बायका हसल्या. पण पुढच्या आठवड्यात गेले तर दोन-तीन घरांतून मला तो शब्द ऐकू आला, वेगवेगळ्या आवाजांत, धुराच्या आडून. मी गल्लीत उभी राहून ऐकत होते. चाळीस वर्षांनी ऐकत होते, आबा.

सगळं गोड झालं असं नाही. चोपड्यात आमच्या गल्लीत आजार निघाला तेव्हा गावाने मला पंधरा दिवस शिवेच्या आत येऊ दिलं नाही. एका घरचा बाप म्हणाला, शाळा बंद आहे तर तुम्ही कशाला दारोदार फिरता, आणि त्याने दार लावून घेतलं. दोन कुटुंबं सुरतकडे कामाला निघून गेली, त्यांची मुलं परत आलीच नाहीत. त्यांची नावं कितीतरी दिवस मी हजेरीतून कमी केली नव्हती. शाळा उघडली तेव्हा कितीतरी मुलं मागे पडलेली होती, आणि काही अजूनही आहेत. पण ती मुलगी वाचत होती. सावकाश, बोट ठेवून, पण वाचत होती. आता ती सातवीत आहे, एसटीने मोठ्या शाळेत जाते. तिची आई आमच्या शाळेच्या समितीवर आहे. बैठकीत शेवटी बसते, फारसं बोलत नाही. बोलली की मात्र सगळे ऐकतात.

तुम्ही असतात तर तुम्हाला इथे आणलं असतं. मागे नाही, इथे पुढे बसवलं असतं, आणि मुलांना सांगितलं असतं, विचारा यांना काय विचारायचं ते. पण मला हवंय ते एवढं मोठंही नाही. मला फक्त घरी जाऊन दप्तर खुंटीला लावायचं आहे. चुलीसमोर पाटावर बसायचं आहे. आज काय शिकवलं ते सगळं तुम्हाला सांगायचं आहे, पहिल्यापासून, मनाचं न लावता. पन्नाशी आली माझी. एवढ्या वर्षांत असं रोजचं रोज कुणी मला विचारलेलं नाही, आणि त्यात कुणाचा दोषही नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गेल्या महिन्यात तालुक्याला शिक्षकांची सभा होती. बंद काळात आमच्या गावात आयांनी घरी कसं शिकवलं, ते मला व्यासपीठावर बोलावून सांगायला लावलं. मी खडे सांगितले, इसा सांगितल्या, चुलीसमोर बसणं सांगितलं. सभागृह शांत होतं, लोक खरंच ऐकत होते. शेवटी साहेबांनी विचारलं, "मॅडम, फारच छान. हे तुम्हाला सुचलं कुठून?"

माझ्यासमोर माइक होता. मला फक्त म्हणायचं होतं, आमचे आबा आचारी होते. किंवा निदान, आमच्या गावात एक आई आहे. दोन्हीपैकी एक वाक्य पुरलं असतं. समोरच्या रांगेत माझ्यापेक्षा वयाने लहान, चांगले शिकलेले शिक्षक बसले होते.

मी म्हणाले, "प्रशिक्षणात सांगितलं होतं, सर." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली येऊन बसले आणि पाणी प्यायले. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.